आधी उंदीर गायब, मग उंदीरवाले गायब

कुडाळ-मालवण पट्ट्यात, आणि आता कानावर येतंय त्यावरून कणकवलीच्या बाजूलाही, दोन माणसं पांढऱ्या व्हॅनमधून घरोघरी फिरतायत. निळे टी-शर्ट, गळ्यात ओळखपत्र, हातात रजिस्टर. "लेप्टो प्रतिबंध, उंदीर सर्वेक्षण" असं सांगून आत येतात. परड्यात कोंबड्यांचं खुराडं दिसलं की तिथेच गाडी थांबते. आमच्या वाडीतल्या पाच घरांतून ते पैसे घेऊन गेले. त्यातलं एक घर आमचं. नुसतं "सावध राहा" म्हटल्याने त्यांची पद्धत कळणार नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

वेळ त्यांनी बरोबर साधली. मृगाचा पाऊस लागून शेतात पाणी साचलं की बिळं बुडतात आणि उंदीर-घुशी उंचावर, म्हणजे आपल्या घराकडे सरकतात. खुराड्याजवळ तर त्यांची चैनच. कणी, कोंडा, अंडी, वर छप्पर आणि खाली सुकी माती. आमच्या एका खुडूक कोंबडीखालची अंडी रातोरात गेली होती आणि चिऱ्याच्या जोत्यालगत घुशीने लाल मातीचा हा ढीग काढला होता. त्यात लेप्टोची भीती. ती आपल्याकडे उगाच नाही. उंदराच्या मुतातून चिखलात उतरणारा हा रोग आपल्या जिल्ह्याने भोगलाय, लावणीच्या दिवसांत आरोग्यसेविका डॉक्सीसायक्लिनच्या गोळ्या देतात. त्यामुळे कोणी लेप्टोचं नाव घेऊन दारात आला की आपण त्याला खुर्ची देतो, चहा ठेवतो.

तपासणी फुकट. संध्याकाळी दोघं परड्यात फिरले, बिळं मोजली, रजिस्टरात काहीतरी लिहिलं. मग गाडीतून पिठाच्या काळपट गोळ्या काढून बिळांत सारल्या. "आयुर्वेदिक आहे, कोंबडीने खाल्लं तरी काही नाही." गोळ्यांना सुकटीचा वास होता. खुराड्याच्या खांबाला निळा दिवा लागणारी एक पेटी अडकवली आणि म्हणाले, यातून असा आवाज निघतो की माणसाला ऐकू येत नाही, उंदराला सहन होत नाही. "आज पैसे नकोत. सकाळी येतो, रिझल्ट बघा, मग ठरवा."

सकाळी आम्ही दार उघडायच्या आतच ते परड्यात हजर. खुराड्यामागे चार मेलेले उंदीर ओळीने पडलेले. एकाने ते शेपटीला धरून उघड्या हातांनी उचलले. लेप्टोच्या नावावर फिरणारा माणूस असा हात लावत नाही, हे तेव्हाही खटकलं होतं. दुसरी गोष्ट त्याहून विचित्र होती. उंदरांच्या ओल्या केसांना लाकडाचा भुसा चिकटलेला होता. आमच्या परड्यात लाल चिखल आहे, झावळ्या आहेत, नारळाची सोडणं आहेत, भुसा औषधालाही नाही. भुसा कुठे असतो ते मासळीबाजारात जाणाऱ्याला सांगायला नको. बर्फाच्या लाद्या त्यातच झाकतात.

माझ्या पुतण्याने गंमत म्हणून त्या उंदरांचा फोटो काढला होता. पुढे तो शेजारच्या काकींनी पाहिला आणि त्या ओरडल्याच, "गो, ह्यो तर आमचो उंदीर!" त्यांच्याकडेही आदल्या सकाळी चार मेलेले सापडले होते. त्यातल्या एकाची शेपटी अर्धी तुटलेली होती. आमच्या फोटोतही तोच, तशाच तुटक्या शेपटीचा. एकच उंदीर दोन घरांत दोनदा मेला.

खरं तर विषाचं गणित माहीत असेल तर फोटोचीही गरज नाही. दुकानात मिळणारी ब्रोमॅडिओलोनची वडी उंदराचं रक्त गोठू देत नाही, पण त्याला मरायला काही दिवस लागतात. झिंक फॉस्फाईड हे दुसरं विष काही तासांत, एका रात्रीत मारतं, हे खरं, पण मेलेले बरेचसे बिळात किंवा अडगळीत सापडतात, वासावरून. एका रात्रीत चारही बाहेर, ओळीने, मालकाच्या डोळ्यांसमोर, असं होत नाही.

पण ही सगळी नंतरची अक्कल झाली. त्या सकाळी चार उंदीर समोर होते. पेटीचे २,८०० आणि वर्षाच्या कराराचे १,२०० असे चार हजार फोनवरून दिले. पावतीवर तीन सिंहांचं चिन्ह, खाली "मान्यताप्राप्त". कोणाची मान्यता, ते नाही. परवाना क्रमांक नाही, जीएसटी क्रमांक नाही, पत्त्याच्या जागी फक्त मोबाइल नंबर. पावतीवर एक नाव आणि क्यूआर कोड स्कॅन केल्यावर फोनवर भलतंच.

आता यातला सगळ्यात पक्का डाव. पेटी लावल्यावर खरंच आठवडाभर उंदीर दिसले नाहीत. पाचही घरांचा हाच अनुभव, आणि म्हणूनच आम्हीच एकमेकांना त्यांचा नंबर देत होतो. उंदीर हा भलताच संशयी प्राणी. त्याच्या रोजच्या वाटेवर नवी वस्तू आली की तो काही दिवस तिच्या आसपास फिरकत नाही. पेटी असो, पिंजरा असो, नाहीतर रिकामा डबा. सवय झाली की पुन्हा येतो. म्हणजे खांबाला जुनी चप्पल टांगली असती तरी पहिले काही दिवस हाच रिझल्ट दिसला असता. तेवढ्या दिवसांत त्यांनी वाडी उरकली. उंदीर परत आले तेव्हा फोन बंद झाला होता.

पेटी वाडीतल्या वायरमनने उघडली. आत एक निळा एलईडी, एक लहानशी पट्टी आणि सिमेंटचा गोळा. "वयनी, ह्येच्यात काय नाय. वजन लागाक सिमेंट घातल्यांनी." आणि अशा आवाजाच्या खऱ्या यंत्रांचीही फार भीड बाळगू नका. तो आवाज भिंतीतून, पोत्यांतून आरपार जात नाही, थोड्या अंतरावर विरतो आणि उंदीर त्याला सरावतात. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २००१ सालीच साठाहून अधिक उत्पादक-विक्रेत्यांना बजावलं होतं, की अशा दाव्यांना शास्त्रीय पुरावा हवा. आपल्याकडे तीच यंत्रं अजून खपतायत.

पैशांपेक्षा मला राग आहे तो गोळ्यांचा. पैसे घेऊन ते गेले त्याच दुपारी माझ्या दोन तलंगा, म्हणजे अंड्यावर यायच्या कोंबड्या, माना टाकून बसल्या आणि संध्याकाळपर्यंत मेल्या. तेव्हा फोन चालू होता. "मानमोडी आहे ताई, पावसात येतेच, बाकीच्यांना लस द्या," इतकं थंडपणे सांगितलं की ऐकणाऱ्याला पटावं. नशिबाने एक तलंग मी पिशवीत घालून पशुवैद्यकीय दवाखान्यात नेली. डॉक्टरांनी ती उघड्यावर नेऊन फाडली आणि मला लांब उभं राहायला सांगितलं. गळ्याकडच्या पिशवीत ओलं पीठ, सुकट आणि लसणीसारखा उग्र वास. झिंक फॉस्फाईड. पोटातल्या आम्लाशी त्याची गाठ पडली की फॉस्फीन वायू तयार होतो, कोंबडीच्या पोटात काय, कुत्र्याच्या काय आणि माणसाच्या काय. त्यावर नेमका उतारा नाही. बिळात सारलेल्या गोळ्या उंदरांनीच ओढून बाहेर आणल्या असणार. शेजारी अडीच वर्षांचं पोर रांगत-धावत असतं, त्याच परड्यात.

म्हणून हे एवढं लक्षात असू द्या. उंदराचं विषही कीटकनाशक कायदा, १९६८ खाली येतं. विकायला परवाना लागतो. पाकिटावर नोंदणी क्रमांक, बॅच, मुदत आणि रंगीत त्रिकोण असतो. लाल सगळ्यात विषारी, मग पिवळा, निळा, हिरवा. कोऱ्या पिशवीतून काढलेली गोळी "आयुर्वेदिक" म्हणून कोणी बिळात घालत असेल तर त्याला तिथेच थांबवा. सर्वेक्षणाला आलोय म्हणणाऱ्याला म्हणावं, बसा, ग्रामपंचायतीत नाहीतर आपल्या आरोग्यसेविकेला एक फोन लावते. सरकारी सर्वेक्षण करणारा परड्यात उभा राहून क्यूआर कोड पुढे करत नाही.

उंदरांचं पुढे काय केलं, असं बरेच जण विचारतात. दिवेलागणीला कणीचं भांडं उचलायचं आणि खाणं झाकणाच्या पत्र्याच्या पिंपात ठेवायचं. अर्धं काम यानेच झालं. रात्रभर खाणं उघडं आणि शेजारी विष, यात उंदीर विष कशाला खाईल? अंडी संध्याकाळीच काढायची. षटकोनी छिद्रांची जी कोंबडीजाळी आपण सर्रास मारतो ती कोंबडी आत ठेवते, उंदराला बाहेर ठेवत नाही. लहान उंदीर तिच्यातून आरामात जातो, मोठा कुरतडून जातो. अर्ध्या इंचाची वेल्डेड जाळी लावली, ती फूटभर जमिनीत पुरून खालची कड बाहेरच्या बाजूला वळवली, म्हणजे घूस उकरायला लागली की जाळीवरच आपटते. खुराडं चिऱ्यांवर उचलून खालून केरसुणी फिरेल एवढी जागा ठेवली. सोडणांचा ढीग लांब हलवला. पिंजऱ्यात भाजलेलं खोबरं ठेवून दार पहिले काही दिवस नुसतंच उघडं बांधून ठेवलं. उंदराचा संशय गेला की मग चाप लावायचा. त्यांचीच युक्ती, उलटी. मेलेला उंदीर हातमोजे नाहीतर प्लास्टिकची पिशवी घालूनच उचलायचा.

पैसे परत आलेले नाहीत. फोनवरून पैसे गेले असतील तर १९३० या क्रमांकावर लगेच कळवायचं असतं. जितका उशीर, तितके ते पुढे सरकलेले असतात. आमचा आठवडा "उंदीर गेले" या आनंदात गेला. ग्राहक म्हणून तक्रारीसाठी १९१५ आहे. पोलीस ठाण्यात अर्ज देऊन पोच घेतली आहे. पण एका घराचे चार हजार म्हटले की समोरचा पेन खाली ठेवतो. पाच घरांचे वीस हजार झाले तेव्हा कुठे बसायला सांगितलं.

तर तीन सिंहांची ती पावती ज्यांच्या घरी असेल त्यांनी ती फाडू नका. पेटी भंगारात घालू नका, उघडून आतल्या सिमेंटचा फोटो काढा. पैसे कोणाच्या नावावर गेले त्याचा फोनवरचा स्क्रीनशॉट जपून ठेवा. उरलेल्या गोळ्या असतील तर घट्ट झाकणाच्या बरणीत घालून, कुलपात, पोरांपासून लांब ठेवा. आणि आपापल्या ठाण्यात अर्ज देताना पाच घरांची तक्रार कुडाळात आधीच दिलेली आहे, हे त्यात लिहा.