पुरवणी म्हणून दिली, उत्तरपत्रिकाच बदलून नेली

अमेरिकेतली माझी सगळी नोकरी कंत्राटांतला बारीक मजकूर वाचण्यात गेली. तरी मी फसलो, आणि तेही मराठीतून.

आधी थोडं समजून घ्या. पासष्टीनंतर मिळणारं सरकारी मेडिकेअर सगळं बिल भरत नाही. त्यातला डॉक्टरांच्या खर्चाचा भाग म्हणजे पार्ट बी; त्यात सुरुवातीची ठरलेली रक्कम भरल्यावरही डॉक्टरांच्या मान्य बिलातले साधारण २० टक्के आपल्या गळ्यात राहतात, आणि त्याला वरची मर्यादा नाही. ही भोकं बुजवायला खासगी कंपनीची मेडिगॅप पॉलिसी घेतात. तिलाच मेडिकेअर सप्लिमेंट म्हणतात. शाळेत उत्तरपत्रिकेला दोऱ्यानं पुरवणी बांधायचो ना, तसंच. मूळ पेपर तुमचा, पुरवणी त्याला जोडलेली.

मी मेडिगॅपमधला प्लॅन जी घेतला होता. पासष्टीला पार्ट बी सुरू झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत घेतला, म्हणून प्रकृतीबद्दल एकही प्रश्न न विचारता मिळाला. तीन वर्षांनी स्टेंट बसला तेव्हा खिशाला जेमतेम झळ लागली. पण हप्ता दरवर्षी वाढत होता आणि ते मला खुपत होतं.

नोव्हेंबर २०२३ मध्ये फोन आला. "नमस्कार काका!" इथे अनोळखी नंबरावरून मराठी ऐकू येण्याचं अप्रूप ज्याला कळतं त्याला पुढचं सांगायला नको. एजंटांना आपणहून असे फोन करायला बंदी आहे. पण आदल्या आठवड्यात किराणा कार्डाच्या जाहिरातीत मीच माझा नंबर भरला होता. जाहिरात असते ती त्यासाठीच.

तो म्हणाला, "काका, सप्लिमेंटसाठी एवढे पैसे कशाला भरताय? शून्य हप्त्यात सगळे सप्लिमेंटल बेनिफिट्स देतो. दात, चष्मा, ऐकण्याचं यंत्र. तुमचं मेडिकेअर कुठे जात नाही." आणि जुनी पॉलिसी बंद करा, दोनदा पैसे जातील. मी केली.

यातलं एकही वाक्य धड खोटं नव्हतं, हीच गंमत. त्यानं दिलेला प्लॅन होता मेडिकेअर अ‍ॅडव्हांटेज. त्यातल्या दात-चष्म्याच्या जादा सोयींना खरंच 'सप्लिमेंटल बेनिफिट्स' म्हणतात. पण ती मेडिगॅप नव्हे. अ‍ॅडव्हांटेजमध्ये मेडिकेअरचे फायदे खासगी कंपनीच्या हातून, तिच्या नेटवर्कच्या आणि पूर्वपरवानगीच्या नियमांनी मिळतात. म्हणजे पुरवणी नाही, उत्तरपत्रिकाच बदलली. खूण एकच होती आणि ती माझ्या हातात होती. तो म्हणाला होता, "मेडिकेअरचं लाल-पांढरं-निळं कार्ड कपाटात ठेवून द्या, आता हे नवीन दाखवायचं." खरी पुरवणी असती तर दोन्ही कार्डं दाखवावी लागली असती.

पहिलं वर्ष छान गेलं. नवा चष्मा झाला, मी मित्रांना शहाणपणही शिकवलं. फेब्रुवारी २०२५ मध्ये छातीत दुखू लागलं. माझे हृदयरोगतज्ज्ञ नेटवर्कमध्ये नव्हते आणि तपासणीची पूर्वपरवानगी अडकली. मुलीनं कागद मागवून वाचले. "बाबा, हे सप्लिमेंट नाहीच आहे."

मूळ मेडिकेअरमध्ये परत जाता येत होतं. अ‍ॅडव्हांटेजवाल्यांना १ जानेवारी ते ३१ मार्च ती मुभा असते. पण मेडिगॅप कुठून आणायची? ती सोडून पहिल्यांदाच अ‍ॅडव्हांटेजमध्ये गेलेल्याला जुनी कंपनी तीच पॉलिसी विकत असेल तर परत मिळते, मात्र फक्त पहिल्या बारा महिन्यांत. माझा नवा प्लॅन जानेवारी २०२४ पासूनचा, म्हणजे चौदावा महिना चालू होता. आता कंपन्या प्रकृती विचारू लागल्या, आणि स्टेंटचं नाव काढताच नकार. (न्यूयॉर्क किंवा कनेक्टिकटमध्ये राहत असतो तर नकार देता आला नसता. आम्ही तिथे राहत नाही.) पुरवणीशिवाय परत जायचं तर उघडे २० टक्के. अ‍ॅडव्हांटेजमध्ये निदान नेटवर्कमधल्या खर्चाला वर्षाची कमाल मर्यादा असते. २०२५ साठी ती जास्तीत जास्त ९,३५० डॉलर होती. इकडे आड, तिकडे विहीर.

मग कुणीतरी शिप, म्हणजे स्टेट हेल्थ इन्शुरन्स असिस्टन्स प्रोग्राम सुचवला. प्रत्येक राज्यात असतो, सल्ला फुकट, विकत काही नाही. तिथल्या बाईंनी माझं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि मग हिशोब सांगितला. २०२४ साठी एका नव्या अ‍ॅडव्हांटेज ग्राहकामागे बहुतेक राज्यांत एजंटला ६११ डॉलरपर्यंत कमिशन होतं. फोन उचलायच्या आधी यांना विचारलं असतं तर, असं मुलगी म्हणाली नाही, पण तिच्या चेहऱ्यावर होतं.

बाईंनी एक वाटही दाखवली. कंपनीनं दिशाभूल केल्याचं ठरलं तर प्रकृती न तपासता मेडिगॅप मिळण्याचा हक्क आहे. मेडिकेअरकडे तक्रार केली. अशा विक्रीचे फोन रेकॉर्ड करणं बंधनकारक असतं, म्हणून रेकॉर्डिंग निघालं.

आम्ही ते जेवणाच्या टेबलावर बसून ऐकलं. गोड मराठी, मध्येच घाईघाईत वाचलेली इंग्रजी सूचना की आम्ही तुमच्या भागातले सगळे प्लॅन विकत नाही, मग हा अ‍ॅडव्हांटेज प्लॅन असल्याचं एक लांबलचक वाक्य आणि "डू यू अंडरस्टँड?" त्यावर माझा आवाज, ठणठणीत: "येस, येस." आणि शेवटी, फोन ठेवताना: "थँक यू, बाळा."