छोट्या शहराने आधी काय हाती घ्यावं, पाणी की कचरा? मलकापूर आणि वेंगुर्ला

कराडला खेटून असलेल्या मलकापूरने 2009 च्या सुमारास चोवीस तास पाणी आणलं, तेही मीटर लावून. दर टप्प्याटप्प्याने चढता: वापर जास्त, तर दरही जास्त. नळ कधीही सोडला तरी पाणी येतं म्हटल्यावर पिंपं भरून ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी ‘शिळं’ म्हणून ओतून द्यायची सवय सुटते. खरी बचत तिथेच.

वेंगुर्ल्याने कचरा घरातच वेगळा करायला लावला. ओल्याचा बायोगॅस, प्लॅस्टिक रस्त्याच्या डांबरात. कचरा डेपोचं झालं चक्क पर्यटनस्थळ!

माझं मत? पैसा असेल तर मलकापूर. वेंगुर्ल्याच्या वाटेला खर्च कमी, पण रोज दारोदारी पाठपुरावा हवा. नगरपरिषदेचे मुख्याधिकारी बदलले की गाडी तिथेच अडते.