सर्टिफिकेट खरं होतं, तरी 2,000 पौंड बुडाले

395 पौंड एजंटाला इंग्रजीच्या सर्टिफिकेटसाठी, 1,605 पौंड अर्जाची फी. बरोबर 2,000 पौंड गेले आणि हातात आलं ते ब्रिटिश नागरिकत्व नाकारल्याचं पत्र. इंग्लंडमधल्या स्विंडनला पोर्तुगीज पासपोर्टवर आलेल्या गोंयकारांनी तरी हे वाचाच, कारण या एजंटांचं गिऱ्हाईक आपणच आहोत.

सेटल्ड स्टेटस (इथे कायम राहायचा हक्क) घेताना आपल्याला इंग्रजीची परीक्षा नव्हती. नागरिकत्वाला ती आहे. लाइफ इन द यूकेची, म्हणजे इथल्या देशाच्या माहितीची परीक्षा (50 पौंड, 24 पैकी 18 उत्तरं बरोबर) पुस्तक वाचून सुटते. इंग्रजी बोलण्या-ऐकण्याच्या मधल्या पातळीच्या, म्हणजे बी-वनच्या परीक्षेपाशी एजंट गाठतो: "सेंटरला कशाला जाता? घरूनच झूमवर उरकू." बारा तासांची शिफ्ट करून आलेल्या माणसाला हे गोड लागतं. त्यात पोर्तुगीज नागरिकत्वाच्या लिस्बनच्या कागदांपासून सगळं एजंटाकडूनच करून घ्यायची आपली सवय.

सर्टिफिकेट बनावट असतं तर निदान संशय आला असता. ते अस्सल होतं! 'ईसॉल एंट्री 3', म्हणजे परभाषिकांसाठीचा इंग्रजीचा कोर्स. ऑफक्वालच्या (परीक्षा-कोर्सांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेच्या) यादीत कोर्सचं नाव शोधलं, सापडलं. एंट्री 3 म्हणजे बी-वनचीच पातळी, हेही खरं. मग कुणाला शंका येणार? पण नोव्हेंबर 2015 पासून नागरिकत्वासाठी ईसॉल चालतच नाही. होम ऑफिसला (नागरिकत्व देणाऱ्या खात्याला) सेल्ट, म्हणजे सुरक्षित इंग्रजी परीक्षा लागते, तीही त्यांच्या यादीतल्या संस्थेची, मान्य केंद्रावर, मूळ पासपोर्ट दाखवून दिलेली. झूमवरची सेल्ट नसते.

डोळे उघडायला हवे होते ते अर्ज भरताना. फॉर्म परीक्षेचा युनिक रेफरन्स नंबर मागत होता. सर्टिफिकेटवर तसा नंबरच नव्हता. एजंट फोनवर म्हणाला, "वरचा सर्टिफिकेट नंबर टाका, सगळे तोच टाकतात." आणि टाकला! 1,735 पौंडांचं (1,605 फी आणि नागरिकत्वाच्या समारंभाचे 130) बटण दाबायच्या आधी पाच मिनिटं थांबून सरकारी पान उघडलं असतं तरी पुरे होतं. युनिक रेफरन्स नंबरावरूनच अधिकारी निकाल ऑनलाइन तपासतात. तो नसेल तर फॉर्म तिथेच बंद करा.

खरी परीक्षा किती अवघड? ट्रिनिटी या मान्य संस्थेची बोलण्याची परीक्षा, जीईएसई ग्रेड 5, दहा मिनिटांची आहे. पाच मिनिटं आपण निवडलेल्या विषयावर, मग पाच मिनिटं सण, संगीत, प्रवासाची साधनं असल्या गप्पा. चवथीच्या माटोळीवर बोललं तरी चालतं. फी दीडशे पौंडांच्या आसपास. मात्र तीच ग्रेड 5 साध्या केंद्रावर दिली तर फुकट जाते. बुकिंग यूकेव्हीआयचंच (होम ऑफिसच्या व्हिसा विभागासाठीचंच) हवं. आयईएलटीएस या दुसऱ्या परीक्षेचंही तेच, लाइफ स्किल्स बी-वन बघून घ्या. गोवा विद्यापीठाची इंग्रजी माध्यमाची पदवी असेल तर परदेशी पदव्या तपासणाऱ्या यूके एनिककडून पदवीची पातळी आणि इंग्रजी माध्यम, दोन्हींचा दाखला घ्या, परीक्षाच नको. हे एजंट सांगत नाही, सांगेल कशाला? पासष्टी ओलांडलेल्या आईवडिलांना तर परीक्षेची माफीच आहे, त्यांच्या परीक्षेसाठी कुणी पैसे मागितले तर हाकलून द्या.

आता तक्रारीचं ऐका. पोलीस म्हणाले, "कोर्सचे पैसे दिले, कोर्स मिळाला, ही दिवाणी बाब." फसवणुकीच्या ऑनलाइन तक्रारीला एक क्रमांक आला, पुढे शांतता. ऑक्टोबर 2024 पासून फसवून घेतलेले ट्रान्सफर बँकांना परत द्यावे लागतात म्हणे, पण आमच्या बँकेनं तोच 'दिवाणी' शब्द पुढे केला, कारण दिवाणी वादाला तो नियम लागू नाही. वाद कसला? माणूस "नागरिकत्वासाठी चालेल" असं लिहून देतो! नोंदणी नसताना इमिग्रेशनचा सल्ला देणं या देशात गुन्हा आहे. अर्जात काय टाकायचं ते सांगणं हा सल्ला नाही तर काय? तीन ठिकाणी विचारलं, तिघांनी एकमेकांकडे बोट दाखवलं. एजंटाकडे आधी इमिग्रेशन ॲडव्हाइस ऑथॉरिटीचा (सल्लागारांची नोंदणी करणाऱ्या सरकारी संस्थेचा) नोंदणी क्रमांक मागा. आणि पैसे कार्डानं द्या, ट्रान्सफरनं नको. कार्डाला निदान चार्जबॅक, म्हणजे बँकेमार्फत पैसे परत, मागता येतो.

1,735 मधले समारंभाचे 130 पौंड तेवढे परत आले. त्या एजंटाची जाहिरात ग्रुपवर अजून फिरते आहे, भाव आता 425.