पेडल मॉड्यूलचे ११ महिने: चेक इंजिन लाइटचं मूळ कपलरात निघालं

फेब्रुवारीत गाडीला थ्रॉटल मॉड्यूल बसवलं आणि मे महिन्यात चार जणांना सांगितलं की डोळे मिटून घ्या. त्यातल्या दोघांनी घेतलंही. त्या शब्दांतले अर्धे मला आता मागे घ्यायचेत, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आधी चांगलं सांगतो, कारण ते खरंच चांगलं आहे. माझी डिझेल गाडी सात वर्षांची. पेडल दाबलं की क्षणभर विचार करून मग उचलायची. मॉड्यूल ताकद वाढवत नाही, पेडलकडून ईसीयूकडे (इंजिन चालवणाऱ्या संगणकाकडे) जाणारा सिग्नल लवकर चढवतं, एवढंच. पण हंगामात रत्नागिरीजवळच्या पावसहून कोल्हापूरला आंब्याच्या पेट्या भरून जाताना आंबा घाटात फरक जाणवायचा. वळण संपताना दुसऱ्या गिअरमध्ये पाय ठेवला की गाडी लगेच निघायची, क्लच कमी जाळावा लागायचा. टाकी ते टाकी मोजलं, मायलेज होतं तेवढंच राहिलं. ६,८०० रुपये वसूल झाले असं मी धरून चाललो होतो.

जुलैत आत्याला डोळे तपासायला कोल्हापूरला घेऊन निघालो. साखरपा मागे टाकलं, घाट सुरू झाला, धो धो पाऊस आणि धुकं. तिसऱ्या वळणावर पिवळा इंजिन दिवा लागला आणि पेडल तळाला टेकवलं तरी इंजिन १,५०० फेऱ्यांच्या वर जाईना. मागे एसटी. कशीबशी कडेला घेतली, बंद करून परत सुरू केली, तर ठीक. चार वळणांनंतर पुन्हा तेच. शेवटी जागा बघून गाडी फिरवली आणि साखरप्याला परत आलो. अपॉइंटमेंट गेली. आत्या एका शब्दाने बोलली नाही, तेच जास्त लागलं.

घरी येऊन ओबीडी रीडर (गाडीतले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र) लावला. कोड पी २१३८, म्हणजे पेडलच्या दोन सेन्सरांचा मेळ बसत नाही. पेडलमध्ये सेन्सर मुद्दाम दोन असतात. माझ्या गाडीत एकाचा व्होल्टेज दुसऱ्याच्या दुप्पट. हे प्रमाण बिघडलं की ईसीयू कुणावरच विश्वास ठेवत नाही आणि गाडी लिम्प मोडमध्ये टाकते, म्हणजे इंजिन जेमतेम चालेल एवढंच ठेवते. इंजिन आपोआप रेस होऊ नये म्हणून ही सोय, त्यामुळे गाडीवर माझा राग नाही.

राग पुढच्या दोघांवर आहे. सर्व्हिस सेंटरला मॉड्यूल समोर ठेवून सगळं खरं सांगितलं. त्यांनी कोड वाचला आणि पेडल असेंब्ली बदला म्हणाले, ९,४०० रुपये. पेडलचे व्होल्टेज मोजले का विचारलं, तर नाही. मॉड्यूल विकणाऱ्याला फोन केला, तर तो म्हणाला, "ओलावा गेला असेल साहेब, ते वॉरंटीत बसत नाही." घेताना मी कुठे राहतो हे त्याला सांगितलं होतं.

मग ४८० रुपयांचा मल्टिमीटर आणला. पहिलं काम, मॉड्यूल काढून गाडीचा मूळ कपलर (वायरी जोडायचा प्लग) थेट पेडलला जोडला. इथे एक लक्षात ठेवा: चावी बंद करून, गाडी लॉक करून, पंधराएक मिनिटं थांबूनच कपलर काढा. चावी चालू असताना काढलात तर त्याचेच नवे कोड पडतात आणि आपण भलत्याच मागे लागतो. जुना कोड पुसण्याआधी फ्रीझ फ्रेमचा (कोड पडला त्या क्षणीच्या नोंदींचा) फोटोही काढून ठेवा. नऊ दिवस तशीच चालवली, एकदा घाटही चढलो. दिवा नाही. म्हणजे पेडल धडधाकट. मॉड्यूल परत जोडलं, तिसऱ्या दिवशी दिवा हजर.

तेव्हा माझं मत झालं की मॉड्यूलच भिकार. तेही चूक निघालं. नाक्यावरच्या वायरमन काकांनी मॉड्यूल ओरिजिनल मोडवर ठेवलं (म्हणजे सिग्नल न बदलता पुढे जातो), टाचणीने कपलरच्या मागून मीटर लावला आणि मला पेडल अर्धं दाबून धरायला लावलं. एका वायरवर २.०० व्होल्ट, दुसरीवर १.०० हवा तर ०.८२. काकांनी वायर जरा हलवली, आकडा ०.९९ झाला. परत सोडली, ०.८३. "अरे, डबी चांगली आहे तुझी. कपलर उघड."

सहा पिनांपैकी पाच स्वच्छ. एकीवर हिरवी पूड, नखाने खरवडली तर बोटाला चिकटली. समोरच्या बाजूचा पितळी चिमटा सैल, पिन आत जाताना अडकतच नव्हती. आणि कपलरला रबराचं सील नाही! केबिनमध्ये बसतो म्हणून सील दिलं नसावं. पण आमच्याकडे जूनपासून ओल्या चपला पेडलखालीच असतात, मॅट चार महिने वाळत नाही आणि हवेत मीठ बाराही महिने. मिठाची ओल, त्यात चावी फिरवली की ५ व्होल्ट, मग तांबं, पितळ कुजणारच. भर म्हणजे बसवणाऱ्याने वायरीचा झोळ सोडून कपलर सगळ्यात खाली बांधला होता, म्हणजे वायरीवरून ओघळणारा थेंब थेट आत. सहा हजारांच्या वस्तूत दहा-वीस रुपयांचं सील वाचवलं आणि माझी आत्या घाटात अडकली. हे मी विसरणार नाही.

काकांनी कॉन्टॅक्ट क्लीनरने पिना धुतल्या, मॉड्यूलच्या त्या बाजूला सीलवाला नवा कपलर लावला, आत डायइलेक्ट्रिक ग्रीस (ओल रोखणारं, वीज न वाहणारं) भरलं आणि सगळं वर डॅशच्या सळईला बांधलं, वायर खालून वळवून. मजुरीसकट ६५० रुपये. ऑगस्टपासून आजपर्यंत दिवा लागलेला नाही, गणपतीतला सगळा पाऊस धरून.

तर आता मत असं. घाटात माल नेणाऱ्याला मॉड्यूल उपयोगाचं आहे, माझं मी ठेवलंय. पण रत्नागिरी, मालवण, दापोली, किनाऱ्याला कुठेही राहत असाल, तर घेण्याआधी कपलर उघडून सील बघा. नसेल तर बसवतानाच ६५० वेगळे काढा. आधी घेतलेल्या दोघांना मी फोन करून बोलावलं. एकाच्या दोन पिना हिरव्या व्हायला लागल्या होत्या. त्याचा दिवा अजून लागला नव्हता. रविवारी काकांकडे नेऊन त्याचाही कपलर बदलून घेतला, पैसे मी दिले.