‘फाईल टाकून देतो’ म्हणणारा माणूस आणि उपचाराचे पैसे

पेठ, सुरगाणा, कळवण, मालेगावहून नाशिकला आणलेला पेशंट दाखल झाला की एक-दोन दिवसांत नातेवाइकांच्या हातात एस्टिमेट पडतं. साडेतीन लाख, सहा लाख, अकरा लाख. तो कागद हातात आल्यापासून पुढचे काही तास सगळ्यात धोक्याचे असतात. कोणाला फोन करावा ते सुचत नाही. अशा वेळी मेडिकलच्या काउंटरपाशी, चहाच्या टपरीवर किंवा थेट वॉर्डाबाहेरच्या बाकावर एखादा सभ्य माणूस शेजारी येऊन बसतो. “दादा, मुख्यमंत्री निधीतून दोन लाख करून देतो. मंत्रालयात आपला माणूस आहे. फाईलचे पाच हजार आत्ता, बाकी दहा टक्के मंजूर झाल्यावर.”

हा माणूस काय करतो ते नीट समजून घ्या. तो आधार, रेशनकार्ड आणि एस्टिमेटचे फोटो घेतो, मोबाईलवर आलेला ओटीपी विचारतो आणि निघून जातो. पुढे तीनपैकी एक गोष्ट होते. एक, तो काहीच करत नाही आणि चार दिवसांनी त्याचा फोन लागेनासा होतो. दोन, जो अर्ज कोणालाही फुकट करता येतो तोच अर्ज तो भरतो. मदत मंजूर झाली तर ती नियमाने मिळालेली असते, पण ‘मी करून दिली’ म्हणत तो दहा टक्के रोख मागायला घरी येतो. तीन, त्या कागदांवर सिमकार्ड निघतं, कर्जाचा अर्ज जातो आणि त्याचा पत्ता सहा महिन्यांनी लागतो. यातलं पहिलं सगळ्यात घातक. पाच हजार गेल्याचं दुःख आहेच, पण ते चार दिवस परत येत नाहीत. मुख्यमंत्री सहायता निधीतून मदत मिळायची तर पेशंट दाखल असतानाच अर्ज जावा लागतो. डिस्चार्ज घेऊन बिल भरलं की भरलेल्या पैशांची भरपाई त्यातून मिळत नाही.

या निधीबाबत एवढं लक्षात ठेवलं तरी बहुतेक दलाल तिथल्या तिथे उघडे पडतात: अर्जाला शुल्क नाही, आणि मंजूर रक्कम रुग्णालयाच्या खात्यात जाते, तुमच्या नाही, दलालाच्या तर नाहीच. लागतात ते कागद असे: अर्ज, पेशंटचं आधार, रेशनकार्ड, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला (वार्षिक १ लाख ६० हजारांपर्यंत), आजाराचे रिपोर्ट, एस्टिमेट, आणि दाखल असलेल्या पेशंटचा जिओटॅग फोटो, म्हणजे ज्यात ठिकाणाची नोंद असते असा फोटो. खासगी दवाखान्याचं एस्टिमेट असेल तर त्यावर जिल्हा शल्यचिकित्सकांचं प्रमाणपत्र लागतं. ते सिव्हिलमधून, म्हणजे जिल्हा रुग्णालयातून मिळतं. अपघात असेल तर एफआयआर किंवा एमएलसी (पोलीस केस म्हणून दवाखान्याने केलेली नोंद), आणि अवयव प्रत्यारोपण असेल तर झेडटीसीसी या विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्राकडच्या नोंदणीची पावती. उत्पन्नाच्या दाखल्याला दिवस जातात, म्हणून एस्टिमेट आलं त्याच दिवशी घरच्या एकाने गावी जाऊन त्याच्या मागे लागावं. अर्ज दवाखान्यातून, ऑनलाइन किंवा जिल्हाधिकारी कार्यालयातल्या कक्षातून करता येतो.

पण खरं तर हा निधी पहिली पायरी नाहीच. पहिली पायरी महात्मा फुले जन आरोग्य योजना आणि तिच्याबरोबर चालणारी आयुष्मान भारत. दोन्ही मिळून कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. अनेकांना अजून माहीत नाही की आता पांढरं रेशनकार्डही चालतं. ‘पांढऱ्याचं केशरी करून देतो, पंधराशे लागतील’ असं कोणी म्हणालं तर त्याला तिथूनच परत पाठवा, योजनेसाठी त्याची काहीच गरज नाही. योजनेतल्या प्रत्येक रुग्णालयात आरोग्यमित्र, म्हणजे पेशंटला मदत करणारा योजनेचा माणूस बसतो. पेशंट दाखल करतानाच त्याला भेटा. रुग्णालयाने प्री-ऑथ टाकायचं असतं, म्हणजे उपचाराआधी योजनेकडून मंजुरी घ्यायची असते. अत्यवस्थ पेशंटसाठी फोनवरून कळवून उपचार सुरू करण्याची सोय आहे.

गोची होते ती इथे. दाखल होताना पुढ्यात आलेल्या दहा-बारा कागदांमध्ये एक कागद ‘आम्हाला योजनेचा लाभ नको, स्वखर्चाने उपचार घेत आहोत’ असा असू शकतो. घाईत त्यावर सही झाली की ५ लाखांचा हक्क एका रेघेने जातो, आणि नंतर कुठेही तक्रार केली तरी तो कागद पुढे केला जातो. मराठी वाचता येणारं एक माणूस सहीच्या वेळी सोबत ठेवा आणि प्रत्येक कागदाचा फोटो काढा. दुसरं, योजनेने उपचारासाठी ठरवलेल्या पॅकेजमध्ये तपासण्या, औषधं, शस्त्रक्रिया, इम्प्लांट, पेशंटचं जेवण, डिस्चार्जनंतरची दहा दिवसांची औषधं आणि घरी जायचं भाडं धरलेलं असतं. योजनेत मंजुरी मिळाल्यावरही ‘इम्प्लांट भारीतलं घ्या, वरचे चाळीस हजार रोख द्या’ असं सांगितलं तर आधी पावती मागा. पावती देत नसतील तर १५५३८८ किंवा १८०० २३३ २२०० वर फोन करा. आयुष्मानसाठी १४५५५. फोन दवाखान्यातूनच करा, म्हणजे केस चालू असतानाच तक्रार नोंदली जाते.

आजार योजनेच्या यादीत बसत नसेल, तर दवाखाना धर्मादाय आहे का ते विचारा. मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने २००६ पासून लागू असलेल्या योजनेप्रमाणे अशा रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात ठेवाव्या लागतात. बिलांतला २ टक्के वाटा त्यासाठीच्या निधीत जमा करावा लागतो. उत्पन्नाची मर्यादा निर्धनांसाठी वर्षाला १ लाख ८० हजार, दुर्बलांसाठी ३ लाख ६० हजार. तिथल्या समाजसेवा अधिकाऱ्याला लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. तोंडी ‘खाटा भरल्या’ या उत्तरावर विसंबू नका, ते लिहून मागा. लिहून देत नसतील तर तोच अर्ज धर्मादाय आयुक्तांच्या नाशिक कार्यालयात न्या.

मूल अठरा वर्षांच्या आतलं असेल आणि जन्मतः हृदयाला छिद्र वगैरे असेल, तर आधी अंगणवाडी किंवा शाळा तपासणीच्या पथकाकडून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात नाव घाला. अशा शस्त्रक्रिया त्यातून मोफत होतात, तरी त्यांच्यासाठी गावभर वर्गणी गोळा होते हे पाहून जीव तुटतो. सातपूर-अंबडच्या कंपनीत काम असेल तर ईएसआयसीचं (कामगार विम्याचं) कार्ड आणि पीएफची आजारपणाची आगाऊ रक्कम या दोन गोष्टी आधी बघा. पीएफचा फॉर्म ३१ ऑनलाइन फुकट भरता येतो.

हे सगळं करूनही पैसे कमी पडतात, हे खरं आहे. मग लोकांकडे हात पसरायची वेळ येते आणि व्हॉट्सॲपवर पोस्टर फिरतं. पोस्टरची चोरी सोपी असते. पेशंटचा फोटो, आजार, दवाखान्याचं नाव तसंच ठेवायचं आणि खालचा क्यूआर कोड कापून आपला चिकटवायचा. नाशिकच्या ग्रुपवरचं पोस्टर अशा बदललेल्या कोडासह दुसऱ्या जिल्ह्यातल्या ग्रुपवर फिरलं तर घरच्यांना कळतही नाही. उपाय असा: क्यूआर खाली वेगळ्या पट्टीत टाकू नका, तो फोटोच्या आत, पेशंटच्या फोटोला आणि दवाखान्याच्या नावाला खेटून घ्या, म्हणजे कापताना फोटोही फाटेल. खातेदाराचं पूर्ण नाव मोठ्या अक्षरांत फोटोवरच आडवं लिहा. तारीख टाका. ‘पैसे पाठवण्याआधी ॲपवर हेच नाव दिसतंय का ते पाहा’ ही ओळ घाला. पैसे देणाऱ्याला पिन टाकण्याआधी खातेदाराचं नाव दिसतं, पण काय पाहायचं ते कोणी सांगितलेलं नसतं.

खातं कोणाचं द्यायचं यावर आधी घरात बसून ठरवा. पूर्ण केवायसी न झालेल्या छोट्या खात्यात वर्षभरात १ लाखापेक्षा जास्त जमा होऊ शकत नाही, शिल्लक ५० हजारांपुढे जाऊ शकत नाही, आणि महिन्याला १० हजारांपेक्षा जास्त काढता येत नाहीत. आईचं असं खातं पोस्टरवर गेलं की पैसे येतात आणि ऐन वेळी अडकतात. मित्राचं किंवा ‘सामाजिक कार्यकर्त्याचं’ खातं तर देऊच नका, पैसे कोणाचे हे नंतर सिद्ध करणं फार कठीण जातं. नात्यातल्या माणसाचं केवायसी पूर्ण असलेलं वेगळं खातं घ्या आणि रोजची जमा रात्री ग्रुपवर टाका. एक सापळा मात्र नेहमी ध्यानात ठेवा. कोणीतरी ‘ट्रस्टकडून ८० हजार टाकतो, त्यातले ५० दुसऱ्या पेशंटला पुढे पाठवा’ असं म्हणतं. ते बहुतेक दुसऱ्या कोणाला फसवून आणलेले पैसे असतात. पोलिसांकडे तक्रार गेली की त्या साखळीतली खाती गोठवली जातात, आणि तुमचं खातं नेमकं बिल भरायच्या दिवशी बंद होतं.

ऑनलाइन मोहीम चालवणाऱ्या संकेतस्थळांतून मोठी रक्कम उभी राहू शकते, त्यांना सरसकट नावं ठेवण्यात अर्थ नाही. पण फॉर्म भरण्याआधी हिशेब लेखी मागा. धरा, ६ लाख जमले. शुल्क ५ टक्के म्हणजे ३० हजार, त्यावर १८ टक्के जीएसटी ५,४००. इथवर ठीक. पण ‘मोहिमेचा प्रचार आम्ही करतो’ म्हणून जाहिरातीचे १ लाख ८० हजार वजा झाले तर हातात ३ लाख ८४ हजार ६०० येतात. म्हणून विचारा: जाहिरातीवर किती खर्च करायचा ते कोण ठरवतं, रोजचा खर्च दिसतो का, पैसे थेट रुग्णालयाला जातात का आणि किती दिवसांत, उपचार थांबले तर उरलेल्या पैशांचं काय. ‘८० जी मध्ये सूट मिळेल’ असं पोस्टरवर लिहू नका. प्राप्तिकरातली ती सवलत नोंदणीकृत संस्थेला दिलेल्या देणगीवर असते, माणसाच्या खात्यावर पाठवलेल्या पैशांवर नाही.

‘तुमची मदत मंजूर झाली, ही फाईल उघडा’ असा मेसेज येऊन खाली एपीके (मोबाईलमध्ये ॲप बसवणारी फाईल) जोडलेली असेल, तर ती उघडू नका. ती उघडली की एसएमएस आणि ओटीपी दुसऱ्याच्या हातात जातात. ‘पाच लाख मंजूर, आधी टीडीएसचे दोन टक्के भरा’ हाही तसलाच प्रकार. मदत देणारी खरी संस्था मदत द्यायच्या आधी पेशंटकडून पैसे मागत नाही. आणि पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही.

आता जमिनीचं. निफाड, दिंडोरी, चांदवडकडे कुटुंबाला सगळ्यात खोल घाव इथे बसतो. पैसे कमी पडले की सावकार ‘तीन टक्क्यांनी’ कर्ज देतो, म्हणजे महिन्याला तीन टक्के. ३ लाखांवर महिन्याला ९ हजार, वर्षाला १ लाख ८ हजार, मुद्दल तसंच. महाराष्ट्राच्या २०१४ च्या सावकारी कायद्यात परवानाधारक सावकाराने शेतकऱ्याकडून तारणावर वर्षाला ९ टक्के आणि विनातारण १२ टक्के घ्यायचे असतात. शिवाय बेकायदा सावकार कर्जाचा कागद करतच नाही. तो दुय्यम निबंधकाकडे खरेदीखत करून घेतो, ‘फेडलं की परत फिरवून देतो’ म्हणतो. आयसीयूबाहेर बसलेला माणूस सही करतो आणि सातबारा बदलतो. सोनं मोडावं किंवा बँकेत तारण ठेवावं, पण हे करू नये. झालंच असेल तर खचून जाऊ नका: सावकारीतून बळकावलेली जमीन परत मिळावी म्हणून जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करता येतो, व्यवहाराला पंधरा वर्षं होईपर्यंत. बाजारभावापेक्षा फार कमी किंमत, जमीन तुमच्याच वहिवाटीत असणं, दरमहा दिलेल्या व्याजाच्या नोंदी आणि गावातले साक्षीदार हे पुरावे जपून ठेवा.

ऑनलाइन पैसे गेले असतील तर लाजेपोटी थांबू नका. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन करा, तक्रार जितकी लवकर जाईल तितकी पैसे अडवता येण्याची शक्यता जास्त. बँकेचा एसएमएस, युटीआर (व्यवहाराचा) क्रमांक, समोरच्याचा नंबर आणि चॅटचे स्क्रीनशॉट पुसू नका. फोन बदलायची किंवा ते ॲप काढायची घाई नको. मग पोलीस ठाण्यात किंवा सायबर पोलिसांकडे लेखी तक्रार देऊन पोच घ्या. आणि पेशंट घरी आला की, किंवा दुर्दैवाने गेला तरी, ज्या ज्या ग्रुपवर पोस्टर टाकलं होतं तिथे तारखेसह ‘आवाहन बंद’ असं लिहा, नाहीतर तोच फोटो दुसऱ्याच्या कोडावर फिरत राहतो.