लेस्टरचं किंग रिचर्ड थ्री व्हिजिटर सेंटर : पार्किंगखाली सापडलेल्या राजाकडे आईला घेऊन गेले त्याबद्दल

आई इकडे इंग्लंडला आली की तिला मॉल नको असतात, राजवाडे आणि किल्ले हवे असतात. गेल्या वेळी एका टूरवाल्याबरोबर आम्ही लंडनमधली चार ठिकाणं एका दिवसात उरकली, बसमधून उतरा, फोटो काढा, परत चढा, आणि घरी येताना आई म्हणाली अगं सगळे हेन्री आणि एडवर्ड मला एकच वाटले, कोण कुणाचा कोण काही कळलं नाही. मला फार वाईट वाटलं कारण तिला इतिहासाची खरंच आवड आहे. म्हणून या वेळी ठरवलं की एकच राजा घ्यायचा आणि त्याच्यासाठी अख्खा दिवस काढायचा. तो राजा म्हणजे तिसरा रिचर्ड, आणि ठिकाण लेस्टर.

लंडनच्या सेंट पँक्रसवरून ट्रेनने साधारण सव्वा तास लागतो, स्टेशनवरून चालत पंधरा-वीस मिनिटं. सेंटर एका जुन्या शाळेच्या इमारतीत आहे, समोर कथीड्रल, आणि बाजूलाच ते पार्किंग जिथे २०१२ साली राजाचा सांगाडा सापडला, ती नेमकी जागा आता सेंटरच्या आतच घेतलीये. हे सेंटर २०१४ मध्ये उघडलं. खालच्या मजल्यावर आधी घराण्याची गोष्ट, मग लढाई, वरच्या मजल्यावर शोध आणि सायन्स, आणि शेवटी परत खाली थडग्याची खोली. हा क्रम मला खूप आवडला कारण आधी माणूस कळतो आणि मगच हाडं दिसतात.

आता घराण्याची गोष्ट. जाण्याआधी एवढं वाचून गेलात तर आतलं दुप्पट कळेल. इंग्लंडच्या प्लँटॅजेनेट राजघराण्यातल्या तिसऱ्या एडवर्डला मुलगे बरेच, आणि त्यांच्या वंशजांमध्ये पुढे गादीवरून जी भाऊबंदकी लागली तिलाच गुलाबांची युद्धं म्हणतात, १४५५ ते १४८५, तीस वर्षं. एका बाजूला लँकेस्टरवाले, दुसऱ्या बाजूला यॉर्कवाले, सगळे एकमेकांचे चुलत. १४६१ साली यॉर्कच्या चौथ्या एडवर्डने गादी घेतली, रिचर्ड हा त्याचा सगळ्यात धाकटा भाऊ. एप्रिल १४८३ मध्ये एडवर्ड वारला, मागे बारा वर्षांचा मुलगा, आणि काका रिचर्ड त्याचा पालक झाला. जूनपर्यंत असं जाहीर झालं की एडवर्डचं लग्नच कायदेशीर नव्हतं, म्हणजे मुलं औरस नाहीत, आणि काकाच गादीवर बसला. तो मुलगा आणि त्याचा नऊ वर्षांचा भाऊ टॉवर ऑफ लंडनमध्ये होते, त्या उन्हाळ्यानंतर ते कुणालाच दिसले नाहीत.

इथपर्यंत मी सांगितलं आणि आई चटकन म्हणाली, म्हणजे राघोबादादाच की हा. ती शनिवारवाड्यापासून दहा मिनिटांवर वाढलेली, काका मला वाचवा हे तिच्या लहानपणापासून कानात आहे, तिला काका-पुतण्याची गोष्ट वेगळी समजवायला लागत नाही. मी तिला म्हटलं थांब, आधी सगळं बघ.

रिचर्डची राजवट जेमतेम दोन वर्षांची. त्यात १४८४ मध्ये एकुलता एक औरस मुलगा गेला आणि मार्च १४८५ मध्ये बायको अ‍ॅन गेली. त्याच वर्षी २२ ऑगस्टला लेस्टरजवळच्या बॉसवर्थला, लँकेस्टरवाल्यांच्या बाजूने गादीवर हक्क सांगणाऱ्या हेन्री ट्यूडरशी लढाई. लढाईच्या भागात आम्ही बराच वेळ थांबलो कारण तिथे जे घडलं ते ऐकून अंगावर काटा येतो, रिचर्डने स्वतः घोडा घातला थेट हेन्रीवर, हेन्रीचा निशाणधारी पाडला, इतक्या जवळ पोचला, आणि त्याच वेळी कुंपणावर बसलेल्या स्टॅनलींपैकी विल्यम स्टॅनली आपली माणसं घेऊन हेन्रीच्या बाजूने उतरला. यातला थोरला स्टॅनली म्हणजे हेन्रीचा सावत्र बाप, आईचा नवरा. आई म्हणाली मग दुसरं काय होणार होतं. रिचर्ड तिथेच पडला, वय ३२. रणांगणात मेलेला इंग्लंडचा हा शेवटचा राजा. उघडं प्रेत घोड्यावर टाकून लेस्टरला आणलं, लोकांना दाखवलं आणि ग्रेफ्रायर्स नावाच्या मठात घाईघाईने पुरलं.

पुढे आठव्या हेन्रीच्या काळात, १५३८ साली तो मठ मोडला. नंतर त्या जागी एका माजी मेयरच्या बागेत खांब होता, त्यावर लिहिलेलं की इथे तिसऱ्या रिचर्डचं शरीर आहे, १६१२ मध्ये तो बघितल्याची नोंद आहे. मग तोही गेला आणि लोकांत गोष्ट पसरली की हाडं सोअर नदीत फेकली. आणि मधल्या काळात, जिंकलेल्या हेन्रीच्या ट्यूडर घराण्याच्या राज्यात जे लिहिलं गेलं त्यात हा कुबडा, वाळक्या हाताचा, मनाने काळा राजा होऊन बसला, शेक्सपिअरने तर तसा तो सगळ्या जगाच्या डोक्यात पक्का केला.

वरच्या मजल्यावर शोधाची गोष्ट आहे आणि माझ्या मते पैसे वसूल इथेच होतात. फिलिपा लँग्ली नावाची एक लेखिका कित्येक वर्षं मागे लागली होती की राजा त्या पार्किंगखाली आहे, तिने पैसे उभे केले, रिचर्डप्रेमींच्या संस्थेने वर्गणी काढली, लेस्टर युनिव्हर्सिटीचे पुरातत्त्ववाले तयार झाले. २५ ऑगस्ट २०१२ ला पहिला चर मारला आणि पहिल्याच दिवशी पायाची हाडं लागली. पहिल्याच दिवशी! ज्या मठाची नुसती भिंत सापडली असती तरी लोक खूश होणार होते तिथे.

सांगाड्याची थ्रीडी प्रिंट केलेली प्रतिकृती तिथे मांडलीये. ही बघताना घाई करू नका. पाठीचा कणा बघा, बाजूला इंग्रजी एस सारखा वळलेला, म्हणजे स्कोलिओसिस, त्यामुळे उजवा खांदा डाव्यापेक्षा वर. कुबड नाही. हात वाळलेला नाही. चांगले कपडे घातले तर पटकन लक्षातही आलं नसतं आणि असा कणा घेऊन हा माणूस चिलखत घालून घोड्यावरून लढत होता. माझ्या मावसबहिणीला स्कोलिओसिस आहे, ती पट्टा लावून कॉलेजला जायची, आई त्या प्रतिकृतीसमोर उभी राहून तिचंच नाव घेत होती. मला तिथे रडू आलं, खोटं कशाला सांगू.

अंगावर अकरा जखमा, त्यातल्या नऊ कवटीवर. कवटीच्या मागे खाली एक मोठा तुकडाच उडालेला आहे, म्हणजे डोक्यावरचं शिरस्त्राण तोपर्यंत गेलेलं होतं. हातांवर वार नाहीत, म्हणजे बाकी चिलखत अंगावर होतं. आणि कमरेच्या हाडावर एक खूण आहे जी मेल्यावर, चिलखत काढल्यावर, मागून खुपसून केलेली असणार, निव्वळ विटंबना म्हणून. हाडांच्या रसायनावरून हेही कळलं की शेवटच्या वर्षांत खाणं-पिणं एकदम श्रीमंती झालेलं, पक्षी, मासे, भरपूर वाइन. कमरेपाशीच्या मातीत जंतांची अंडीसुद्धा सापडली. राजा असला तरी पोटात जंत होतेच. कवटीवरून बनवलेला चेहराही तिथे आहे, तो बघा, एकदम तरुण, शांत चेहरा आहे.

आता डीएनएबद्दल, आणि मला सगळ्यात जास्त याच्याबद्दल लिहायचं होतं. ही हाडं राजाचीच हे कसं ठरवलं तर मायटोकाँड्रियल डीएनएवरून, जो फक्त आईकडून येतो, आई मुलाला देते पण मुलगा पुढे देऊ शकत नाही, मुलगीच देते. रिचर्डची थोरली बहीण अ‍ॅन ऑफ यॉर्क, तिची मुलगी, तिची मुलगी, अशी पाचशे वर्षांची मुलींची साखळी शोधत शोधत संशोधक पोचले मायकेल इब्सेनपर्यंत, कॅनडात जन्मलेले, लंडनमध्ये लाकडाचं फर्निचर बनवणारे. सतराव्या पिढीतले भाचे. डीएनए जुळला. दुसरीही एक वंशज सापडली, तिचाही जुळला. आणि या दोघांच्याही शाखेत ही साखळी पुढे जाणार नव्हती, म्हणजे एक पिढी उशीर झाला असता तर ही जुळणी करायला यातलं कुणी उरलं नसतं.

आणि पुरुषांकडचा डीएनए? त्याच तिसऱ्या एडवर्डपासून बापाकडून वंश सांगणारे पाच जण आजही आहेत, त्यांचा तपासला तर एकाचाही रिचर्डशी जुळला नाही. म्हणजे त्या लांबलचक बाप-लेकाच्या साखळीत कुठेतरी कागदावरचा बाप खरा बाप नव्हता. विचार करा, ज्या घराण्याने गादीच्या हक्कावरून तीस वर्षं एकमेकांची डोकी उडवली, ज्या काकाने औरस-अनौरस या मुद्द्यावर पुतण्याची गादी घेतली, त्याच घराण्याच्या राजाची ओळख पटली ती बायकांच्या वंशावरून. ज्यांची नावं गादीच्या हिशोबात कुठे नव्हती त्या बायकांच्या. आईला हे समजावून सांगितलं तर ती त्या बोर्डासमोरून हलेना, म्हणाली परत सांग, मुलीकडूनच ना? मुलीकडूनच गं.

शेवटी थडग्याची खोली. साधी, शांत, जमिनीला काच आणि काचेखाली तोच खड्डा, तीच माती, आणि हाडं जशी होती तशी प्रकाशाने दाखवतात. खड्डा लांबीला कमी पडलेला, त्यामुळे डोकं एका बाजूला उंच टेकलेलं, आणि पावलं नाहीत, ती नंतरच्या कुठल्यातरी बांधकामात गेली. लोक काचेवर उभे राहून खाली बघत होते, आई काही काचेवर गेली नाही. माणसाच्या अंगावर पाय द्यायचा नाही म्हणाली. कडेला उभी राहिली, चपला बाजूला काढल्या आणि हात जोडले. तिथे असलेले एक आजोबा, सेंटरचेच, ते काही बोलले नाहीत, नुसती मान हलवली आणि तिला बसायला जागा दाखवली, मग हळू आवाजात तिच्याशी बोलत बसले, मी मध्ये दुभाषी. आईने विचारलं पुतण्यांना यानेच मारलं का. ते म्हणाले पुरावा नाही, शंका आहे. आई म्हणाली मारलं असेल तर त्याचं पाप त्याच्याकडे, पण कुबड नव्हतं ना, मग ते कशाला लिहायचं.

मला तिथे बसून आपल्या संभाजी महाराजांची आठवण येत राहिली. दोघांची तुलना मी अजिबात करत नाहीये, माणसं वेगळी, काळ वेगळा, मुलूख वेगळा. पण चिटणीसाने शंभरावर वर्षांनी लिहिलेल्या बखरीने महाराजांचं जे चित्र रंगवलं ते नाटकांतून आपल्या आजोबा-पणजोबांपर्यंत तसंच आलं, आणि वा. सी. बेंद्र्यांसारख्या माणसाला आयुष्यातली चाळीस वर्षं कागदपत्रांत घालवावी लागली ते पुसायला. म्हणून असं काम करणारी माणसं कुठल्याही देशात दिसली की मला त्यांच्याबद्दल फार आदर वाटतो.

प्रॅक्टिकल गोष्टी पटकन. दोन तास धरा, वाचणारे असाल तर अडीच. लहान मुलांना लढाई आणि सांगाडा आवडेल पण आधी गोष्ट सांगून न्या. इंग्रजी न वाचणारे आई-बाबा बरोबर असतील तर तुम्हीच गाइड व्हायची तयारी ठेवा, आणि ते केलंत तर त्यांना खूप आवडेल हे मी अनुभवाने सांगते. जेवायला बेलग्रेव्ह रोडला जा, सगळी गुजराती दुकानं आणि व्हेज हॉटेलं, आईला तिथे एकदम घरी आल्यासारखं वाटलं. माझ्याकडून पाचात पाच.

आणि सेंटरमधून निघून थेट घरी जाऊ नका, समोर कथीड्रलमध्ये जा. राजा आता तिथे आहे. राजाच्या घराण्याचे वंशज म्हणवणाऱ्या काही जणांनी त्याला यॉर्कला पुरा म्हणून कोर्टात केस घातली होती, २०१४ मध्ये कोर्टाने लेस्टरच्या बाजूने निकाल दिला आणि २६ मार्च २०१५ ला पाचशे तीस वर्षांनी नीट अंत्यविधी झाला. त्याआधी शवपेटीच्या दर्शनाला वीस हजारांवर लोक रांगेत उभे होते. शवपेटी बनवली कुणी, तर त्याच मायकेल इब्सेन भाच्यांनी, ओकच्या लाकडाची, स्वतःच्या हातांनी. वर फिकट रंगाचा मोठा दगड, त्यात खोल कोरलेला क्रॉस, खाली काळा दगड आणि त्यावर नाव.

परतीच्या ट्रेनमध्ये आईने पर्समधून तिची छोटी डायरी काढली आणि म्हणाली त्या मुलींची नावं सांग. मी फोनवर शोधून एकेक सांगत गेले आणि ती लिहीत गेली, राजाची आई सेसिली, तिची मुलगी अ‍ॅन, तिची मुलगी पण अ‍ॅन, तिची मुलगी कॅथरीन, तिची मुलगी बार्बरा. बार्बरापर्यंत आलो आणि आमचं स्टेशन आलं, बाकीची नावं तिने घरी गेल्यावर लिहून घेतली.