बोल्टचं तोंड तपासायला यूएसबी मायक्रोस्कोप : उन्हाळ्यापासून दिवाळीपर्यंतचा अनुभव

घरची .३१५ बोअरची बोल्ट-अ‍ॅक्शन रायफल जुनी आहे. परवाना पीकसंरक्षणाचा, सोलापूरजवळ नान्नजकडच्या शेतात रानडुकरं ज्वारी लोळवून जातात, म्हणून. बोल्टच्या, म्हणजे नळी मागून बंद करणाऱ्या सरकत्या दांड्याच्या तोंडावर, काडतुसाचा बुडखा जिथं टेकतो त्या जागी दिसणाऱ्या खुणा कारखान्यातल्या टूलच्या की वापराच्या, यावर घरात बरेच वाद झाले. शेवटी दोन हजारांच्या आतला हा मायक्रोस्कोप मागवला. यंत्र कामाचं आहे, पण जाहिरातीत सांगतात तसं नाही.

खोक्यावर १००० पट लिहिलंय, ते विसरा. बोल्टला पन्नासपट पुष्कळ झालं. त्याच्या वर गेलात तर नवाकोरा पार्टसुद्धा देवीचे व्रण आल्यागत दिसतो आणि माणूस उगाच धास्तावतो. मी चिंचोळी एमआयडीसीत लेथवर असतो, त्यामुळे मला हसू आलं. दुसऱ्या कुणी थेट गनस्मिथ गाठला असता.

भिंगाभोवतीचे एलईडी पहिल्यांदा बंद करा. समोरचा उजेड पोलादावरून सरळ परततो आणि सगळं पांढरंफटक होतं. टॉर्च बाजूनं, जवळजवळ आडवा धरा. मॅगझिन काढलेलं, चेंबर रिकामं असल्याची खात्री केलेली आणि बोल्ट रायफलीतून बाहेर, हे वेगळं सांगायला नको. आता बोल्ट बोटांत हळूहळू फिरवा. लेथवरच्या गोल रेघा असतील तर त्यांच्यावरची चकाकी जागेवरून हलत नाही, बोल्ट फिरला तरी. खड्डा मात्र बोल्टबरोबर फिरतो आणि काळाच राहतो. एवढं एक जमलं की निम्मा निकाल लागला.

फेसिंग, म्हणजे लेथवर तोंड सपाट कापताना दर फेऱ्याला टूल जेवढं सरकतं तेवढ्या अंतरावर एक रेघ पडते. हे सरकणं, म्हणजे फीड, ०.१ मिमी असेल तर एका मिलिमीटरात दहा रेघा, सगळ्या सारख्या अंतरावर. ही झीज नव्हे. उलट जुन्या बोल्टवर त्या अजून ठसठशीत दिसत असतील तर तोंड फार घासलेलं नाही असं समजावं. वापरानं आधी रेघांचे माथे चपटे होऊन चमकतात. त्यावर पितळेची पिवळट झाक बसते. ती नखाला लागत नाही आणि सॉल्व्हंटनं निघते. आमच्याकडे टॉवेलच्या मागावरचं वेस्ट मुबलक, पुसायला तेच घेतो.

काळजीची खूण वेगळी असते. काडतुसाच्या कॅपच्या, म्हणजे बुडातल्या ठिणगी देणाऱ्या टोपीच्या कडेनं गॅस निसटला की तापलेल्या झोतानं पोलाद खाल्लं जातं आणि फायरिंग पिनच्या, म्हणजे कॅपवर आपटणाऱ्या सुईच्या भोकाभोवती बारीक खड्ड्यांचं कडं उमटतं. त्याचा व्यास कॅपएवढाच भरतो, म्हणून ओळख पटते. कॅपला भोकच पडलं असेल तर खुणा मध्ये, पिनच्या भोकाच्या कडेला दिसतात. गंजाचे खड्डे कुठंही, कसेही पसरतात. त्यांना ना वर्तुळ ना अंतर. आमच्या बोल्टवर गंजाचे चार-दोन ठिपके निघाले, बाकी सगळा टूलचाच माग.

मायक्रोस्कोपचं पैसे वसूल काम मात्र बोल्टवर नाही, झाडलेल्या काडतुसावर झालं. दाबानं कॅप बोल्टच्या तोंडावर इतकी जोरात आपटते की तिथल्या रेघा तिच्यावर उलट्या उमटतात. १९२०च्या दशकात अमेरिकेत कॅल्विन गोडार्ड आणि फिलिप ग्रॅव्हेल यांनी तुलना-सूक्ष्मदर्शक हत्यारांच्या तपासात आणला. त्यात अशाच खुणा शेजारी शेजारी ठेवून जुळवतात. कॅपवर पिनच्या खळग्याभोवती उंच कड आली असेल तर पिनचं भोक सैल झालंय का, कड झडलीय का, ते बघायला हवं. अर्थात दाब जास्त असला तरी अशी कड येते, त्यामुळे एकाच काडतुसावरून काही ठरवू नये.

हेडस्पेस, म्हणजे बंद बोल्टचं तोंड आणि चेंबरमध्ये काडतूस अडतं ती जागा यांतलं अंतर, यातून कळत नाही. तिथं गेजच लागतो, फोटो कितीही सुंदर आला तरी. आणि खड्डे दिसले म्हणून घासायला एमरी घेऊन बसू नका. हाताखाली लेथ असला तरी नाही. शस्त्र अधिनियम १९५९च्या कलम ५ मध्ये दुरुस्तीचाही समावेश आहे, त्यालाही परवाना लागतो.

आचारसंहितेत रायफल ठाण्यात जमा करण्याआधी आणि परत आणल्यावर एकाच कोनातून फोटो काढून ठेवायला हे यंत्र उत्तम. स्टँड मात्र डुगडुगता आहे. मी तो काढून मॅग्नेटिक बेसवर बसवला.

जुनी रायफल घ्यायला जाताना हा मायक्रोस्कोप घरीच ठेवा. बैलाचे दात बघायला कुणी एक्स-रे मशीन नेत नाही. दहापट भिंग, मोबाईलचा टॉर्च आणि दुकानदारानं परवानगी दिली तर त्याच रायफलीतून झाडलेलं एखादं काडतूस, एवढं तिथं पुरतं.